'बाबा ग्लानीत आहेत' हे हिंदीत कसं सांगाल?

बडा_तालाब

मागच्या महिन्यात बाबांना ताप आला. बाबांचं वय 78. आम्ही भोपाळचे. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी, अशी ही तिसरी पिढी. तिसऱ्या दिवशी दुपारी हाक मारली तर डोळे किलकिले करायचे, "हं" म्हणायचे आणि परत मिटायचे. चहाचा कप हातात दिला तो तसाच तिरका धरून बसले. चहा सगळा पांघरुणावर सांडला तरी पत्ता नाही. मग मात्र उचलून दवाखान्यात नेलं.

कॅज्युअल्टीत एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी विचारलं, क्या तकलीफ है? आपली हिंदी चोख आहे या गुर्मीत मी म्हणालो, "कल रात से ग्लानि में हैं."

त्यांचं पेन थांबलं. आधी बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला जरा बाजूला घेऊन आवाज खाली आणत विचारलं, "घर में कुछ हुआ है क्या? किस बात की ग्लानि? कुछ खा तो नहीं लिया इन्होंने?"

माझी ट्यूब पेटायला दोन मिनिटं लागली. हिंदीत ग्लानि म्हणजे पश्चात्ताप, अपराधी वाटणं. 'आत्मग्लानि' मी शंभर वेळा वाचलाय, पण ऐन वेळी तोंडात आला तो आईचा मराठी शब्द. त्या बिचाऱ्यांना वाटलं, म्हाताऱ्यानं घरातल्या भांडणापायी काहीतरी घेतलंय!

असो. रक्तातलं सोडियम घसरलं होतं. सलाईन लावलं, चार दिवसांनी बाबा घरी आले आणि आता पेपर पूर्वीसारखाच मोठ्यानं वाचतायत. पण तेव्हापासून डोक्यात भुंगा आहे. एकच शब्द, एकच लिपी, मग इकडे अर्धवट शुद्ध आणि तिकडे पश्चात्ताप हे कसं झालं? आणि 'गुंगी' कुठून आला? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

गवती_चहा

बाबांना बरं वाटलं हे आधी वाचलं म्हणून पुढचं हसत वाचता आलं. 'कुछ खा तो नहीं लिया' 😀

आमच्या आजीच्या बोलण्यात ग्लानी आणि गुंगी वेगवेगळ्या होत्या. ग्लानी आजाराची, गुंगी औषधाची. खोकल्याचं औषध घेऊन पडली की "गुंगी आली गं", आणि टायफॉइडमध्ये मामा पडून होता ती "ग्लानी". तिनं कधी अदलाबदल केलेली मला आठवत नाही.

---

खडूफळा

गवती चहा, तुमच्या आजींचा कान पक्का होता.

ग्लानी संस्कृतातून सरळ आलेला. धातू ग्लै. पाणिनीच्या धातुपाठात तो आपल्या जुळ्या भावाबरोबरच येतो: *ग्लै म्लै हर्षक्षये*. दोघांचा अर्थ एकच, हर्षाचा क्षय. म्लै पासून म्लान. फूल म्लान होतं, चेहरा म्लान होतो. ग्लै पासून ग्लान आणि ग्लानी. म्हणजे मुळात हा शब्द बेशुद्धीचा नाहीच, कोमेजण्याचा आहे. देठातलं पाणी आटलं की पान जसं लोंबतं, तसं माणसाचं होणं.

याच धातूचा एक गमतीदार नातेवाईक म्हणजे ग्लौ. संस्कृत शिकताना ज्यांनी *ग्लौः ग्लावौ ग्लावः* घोकलं असेल त्यांना आठवेल, ग्लौ म्हणजे चंद्र. अमरकोशात चंद्राच्या नावांत तो मृगांक आणि कलानिधी यांच्या शेजारी बसलाय. रोज थोडाथोडा झिजणारा, म्हणून ग्लौ. चाळीस वर्षं वर्गात हा शब्द चालवून घेतला, पण एकाही पोरानं कधी विचारलं नाही की सर, हा चंद्र ग्लौ का. आज तुमच्या बाबांमुळे सांगायला मिळालं.

आता पाहा, 'हर्षक्षय' डोक्यात ठेवला तर हिंदीनं काही फार लांबची उडी मारलेली नाही. मन कोमेजलं, ते का कोमेजलं, तर स्वतःच्या हातून चुकलं म्हणून. हिंदीनं मनाचं कोमेजणं धरलं, मराठीनं अंगाचं. मुळाशी जास्त प्रामाणिक कोण, यावर वाद घालायला माझी तयारी आहे.

---

शंकासूर

एक मिनिट. मग 'यदा यदा हि धर्मस्य ग्लानिर्भवति' चं काय? धर्माला ताप येऊन तो गुंगीत पडतो का? लहानपणी मी खरंच असंच समजायचो, धर्म कॉटवर पडलाय आणि श्रीकृष्ण सलाईन घेऊन आलेत.

---

खडूफळा

शंकासूर, 😄 चित्र वाईट नाही. पण तिथेही कोमेजणं, क्षीण होणं हाच अर्थ. विनोबांनी गीताईत या जागी 'गळून जाणं' घेतलंय, ते मला फार नेमकं वाटतं. मराठीत आपण म्हणतोच, "ताप उतरला पण अगदी गळून गेलोय". ज्ञानेश्वरांनी ग्लानी शब्दालाच हात लावलेला नाही. ते *जे वेळीं धर्मातें अभिभवी अधर्मु हा* असं म्हणतात. अधर्म धर्माला झाकोळतो, त्याच्यावर वरचढ होतो. 1290 साली तापाची ग्लानी लोकांच्या बोलण्यात होती की नव्हती हे त्यावरून ठरवता येणार नाही, पण टीकाकारानं मूळ शब्द सोडून दुसरा उचलला की माझे कान टवकारतात.

---

काढा

खडूफळा सरांना दंडवत. यात आयुर्वेदाची बाजू घालतो.

सुश्रुतानं शारीरस्थानाच्या चौथ्या अध्यायात ग्लानीची व्याख्याच दिली आहे. तोंड गोड होणं, तंद्रा, हृदय आवळल्यासारखं वाटणं, भ्रम, आणि अन्नावर वासना नसणं. म्हणजे तिथे झापड आणि गरगरणं हे ग्लानीच्या पोटातच आहे. माझं मत असं की मराठीतला अर्थ पंडितांच्या ग्रंथांतून नाही, वैद्याच्या तोंडून घरात आला. वैद्य ओसरीवर बसून नाडी बघणार, "ग्लानी आहे" म्हणणार, आणि घरच्यांना समोर दिसणार ते डोळे मिटून पडलेलं माणूस. त्यांनी शब्द त्या दिसण्याला चिकटवला.

त्याच अध्यायातली एक ओळ तर प्रत्येक कॅज्युअल्टीच्या भिंतीवर लावण्यासारखी आहे:

*मूर्च्छा पित्ततमःप्राया रजःपित्तानिलाद् भ्रमः ।*
*तमोवातकफात् तन्द्रा निद्रा श्लेष्मतमोभवा ॥*

मूर्च्छा, भ्रम, तंद्रा, निद्रा. चौघींची कारणं वेगळी, गोत्रं वेगळी. दोषांचा हिशेब कुणाला पटो न पटो, पण झोप, झापड, गरगर आणि बेशुद्धी यांची गल्लत करायची नाही हे त्या माणसानं किती आधी बजावून ठेवलंय बघा.

---

डॉ_कडूनिंब

मी ॲलोपॅथीवाला, पण काढा यांच्या शेवटच्या वाक्याला +1.

आमच्याकडे नातेवाईक येतात आणि म्हणतात, "पेशंट ग्लानीत आहे." आता यातून मला काय कळायचं? हाक मारली की डोळे उघडतो? की चिमटा काढल्यावर? की कशानेच नाही? म्हणून तर 1974 मध्ये ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या दोघांनी मोजपट्टी काढली. डोळे उघडण्याचे जास्तीत जास्त 4 गुण, बोलण्याचे 5, हातपाय हलवण्याचे 6. पूर्ण जागा माणूस 15. गंमत म्हणजे खालचा आकडा शून्य नाही, 3 आहे. काहीच प्रतिसाद नसला तरी तिन्ही रकान्यांत एकेक गुण मिळतोच. वार्डात आम्ही शब्द बोलत नाही, आकडा बोलतो. "सकाळी 14 होता, आता 11" म्हटलं की झोपलेला रेसिडेंटही उठून पळतो.

तेव्हा बडा तालाब, पुढच्या वेळी (ती न येवो) ग्लानी, गुंगी काहीच म्हणू नका. तुम्ही वर धाग्यात लिहिलंय तेच सांगा. हाक मारल्यावर डोळे उघडतात, 'हं' म्हणतात, परत मिटतात, कप सरळ धरता येत नाही. कुठल्याही भाषेत कुठलाही डॉक्टर समजेल. म्हाताऱ्या माणसांत असं अचानक झालं की आम्ही आधी साखर आणि सोडियम बघतो, ते तुमच्या डॉक्टरांनीही बघितलंच. आणि 'कुछ खा तो नहीं लिया' हा प्रश्न त्यांनी विचारला हे योग्यच केलं. मीही विचारला असता.

---

मधमाशी

सगळे ग्लानीवरच अडकलेत, गुंगीचं काय? मला वाटतं तो ध्वनीवरून आलाय. गुं गुं असा आवाज. गुणगुण, गुंजारव, भुंग्याचं गुंगणं. तापात कान कसे गुं गुं करतात! तोच आवाज म्हणजे गुंगी. बडा तालाब यांनी पण लिहिलंय, 'डोक्यात भुंगा आहे'.

---

दस्तरखान

मधमाशी, कल्पना गोड आहे, पण गुंगीच्या घरात फारसी बसलीय.

फारसीत *गुंग* म्हणजे मुका. हिंदीतला गूँगा त्याच्याच घरातला. अकबराची ती गोष्ट ऐकली असेल. माणसाची मूळ भाषा कुठली हे बघायला त्यानं तान्ही मुलं एका वाड्यात ठेवली, दायांना सक्त ताकीद की एक अक्षर बोलायचं नाही. अबुल फजलनं अकबरनाम्यात लिहून ठेवलंय. 1582 मध्ये बादशहा बघायला गेला तेव्हा मुलांच्या तोंडून भाषा म्हणावी असं काही निघालं नाही. त्या वाड्याचं नाव पडलं गुंग महल. मुक्यांचा वाडा.

मराठीत आल्यावर 'मुका' हा अर्थ गळाला, कारण ती जागा आपल्या 'मुका' नं आधीच अडवलेली होती. उरलं काय, तर न बोलणं, हाकेला ओ न देणं. दोन प्रकारची माणसं हाकेला ओ देत नाहीत. एक ज्याची शुद्ध मंदावलीय तो, आणि दुसरा जो कशात तरी पार बुडालाय तो. मराठीनं दोघांनाही गुंग म्हटलं. पहिल्यापासून गुंगी झाली, दुसरा 'वाचनात गुंग' झाला.

---

मधमाशी

ओह. म्हणजे बाबा पेपर वाचनात गुंग आणि बाबा गुंगीत, दोन्हीकडे हाकेला उत्तर नाही! 😀 माझ्या नवऱ्याला तिसऱ्या हाकेनंतर हा धागा दाखवणार.

भुंग्याचं दुकान बंद करते.

---

गवती_चहा

दस्तरखान, मग बधिर पण तसाच नाही का? संस्कृतात बधिर म्हणजे बहिरा. मूकबधिर शाळा म्हणतो तेव्हा तोच अर्थ. पण आपण म्हणतो दाढ काढताना हिरडी बधिर केली, ऐकून डोकं बधिर झालं. हिरडीला कुठे कान असतात!

---

दस्तरखान

वा! हे सुचलंच नव्हतं. मुका तो गुंग झाला आणि बहिरा तो बधिर झाला. दोघांचीही मूळ कामं मुका-बहिरा या घरच्या शब्दांनी घेतली आणि हे दोघे रिकामे होऊन शुद्धीच्या खात्यात बदलून आले.

---

डॉ_कडूनिंब

आणि त्या खात्यात भूल आधीपासून होतीच. माझी बायको भूलतज्ज्ञ आहे. लग्नात तिच्या ओळखीच्या वेळी माझ्या आत्यानं विचारलं होतं, "म्हणजे लोकांना भुलवते?" जंगलातला चकवा, मनाची भूल, हिशेबातली भूल आणि ऑपरेशनची भूल, सगळं एकाच शब्दात. 16 ऑक्टोबर 1846 ला बॉस्टनमध्ये मॉर्टननं इथर देऊन दाखवलं, त्यानंतर 'ॲनेस्थेशिया' हे नाव सुचवायला तिकडे होम्स नावाच्या डॉक्टर-कवीनं ग्रीकमध्ये हात घातला. अर्थ काय, तर 'संवेदना नसणं'. आपल्याकडे कुणीतरी 'भूल' म्हटलं आणि मोकळं झालं. मला आपला शब्द जास्त आवडतो. शरीर दुखायचं विसरतं, एवढंच तर आहे.

---

आंबोळी

भूल, चकवा झालं, आता 'लागणे' घ्या. ऊन लागतं, बस लागते, तंबाखू लागते, आणि सगळ्यांत भारी म्हणजे सुपारी लागते.

आमच्या मामेबहिणीच्या हळदीला घडलेलं सांगते. मुंबईची एक नवीन सून, तिला कुणीतरी कौतुकानं पानाचा विडा दिला, आत ओली सुपारी. दोन मिनिटांत तिचा चेहरा पांढरा, कपाळावर घामाचे थेंब, हातातलं ताट खांबाला टेकवून ती हळूहळू खाली बसली. बोलायला गेली तर शब्द नाही. बघे घाबरले, कोण म्हणे बीपी, कोण म्हणे गोड बातमी. माझी मावशी मात्र पडवीतून जागची हलली नाही. नुसतं म्हणाली, "सुपारी लागली तेका. मीठ देवा आणि पाणी मारा तोंडार." पाच मिनिटांत सून हसायला लागली.

या 'लागली' ला दुसऱ्या भाषेत काय म्हणाल? चक्कर नाही, ग्लानी नाही, नशा तर नाहीच. तेवढ्या पाच मिनिटांसाठी अख्खा वेगळा शब्दप्रयोग आहे.

आणि हरीक! आमच्याकडे वरकस, म्हणजे हलक्या जमिनीवर हरीक हे भरड धान्य पिकवायचे. नवे हरीक खाल्ले की माणूस झिंगतो हे जुनी माणसं सांगायची, म्हणून ते जुने करून खायचे. मला ही दंतकथा वाटायची. मग 2024 च्या ऑक्टोबरात मध्य प्रदेशात बांधवगडला 10 हत्ती दगावले, त्यांनी कोदो खाल्लं होतं. कोदो म्हणजे आमचं हरीकच. त्यावर बुरशी धरली की सायक्लोपियाझोनिक ॲसिड नावाचं विष तयार होतं आणि तेच हत्तींच्या पोटात मिळालं. आजी बरोबर होती.

---

बडा_तालाब

आंबोळी, ती बातमी आमच्याकडे कितीतरी दिवस चालली होती. इकडे अशा कोदोला 'मतौना' म्हणतात, मातवणारं. म्हणजे मद आलाच.

अवांतर: आमच्याकडे रेल्वेत बिस्किटातून गुंगीचं औषध देऊन लुटतात त्याला हिंदी पेपर 'ज़हरखुरानी' म्हणतात, जहर खायला घालणं. मराठी पेपर तीच बातमी 'गुंगीचे औषध' म्हणून देतो. एकात माणूस मेल्यासारखा वाटतो, दुसऱ्यात झोपल्यासारखा.

---

पोदेर

गोव्यातून एक भर. कोंकणीत आम्ही 'घुंवळ' म्हणतो. म्हाका घुंवळ आयली. घुंवप म्हणजे फिरणं, गोल फिरणं.

---

संत्रागोळी

आन् आमच्याकडे भोवंड. "मले भोवंड आली." भोवळ, भोवंड, भोवरा, भोवताल सगळे संस्कृत भ्रम् च्या वंशातले, म्हणजे गोल फिरणारे. घेरी म्हणजे घेरच. चक्कर म्हणजे चक्र. पोदेर यांची घुंवळ पण गोलच. अख्ख्या मराठी-कोंकणी मुलखाला एकच दिसलं, जग फिरतं.

झापड मात्र फिरत नाही. ती वरून पडते. झाप म्हणजे आडोशाला लावायची ताटी, घोड्याच्या डोळ्यांना लावतो ती झापडं. उन्हाळ्यात दुपारी वरण-भात-तूप खाऊन कूलरसमोर बसा. काही गरगरत नाही, नुसतं कुणीतरी डोळ्यांवर ताटी आणून लावतं. मग पेंग. पेंगेत मान पडते, झापडेत पडत नाही, हा माझा शोध आहे, हसू नका.

आन् सुन्न? तो तर शून्य. शून्याचं सुन्न झालं. वाईट बातमी फोनवर कळली तेव्हा मी सुन्न झालो होतो, त्यात ना गरगर होती, ना झोप. काही नव्हतंच. शब्द बरोबर आहे.

---

दस्तरखान

संत्रागोळी, तुमच्या झापडेला अरबस्तानात एक बहीण सापडेल. अरबीत ख-म-र या मुळाचा अर्थ झाकणं. त्यातून खिमार म्हणजे डोक्यावरून घ्यायची ओढणी, खम्र म्हणजे दारू, जी अकलेवर ओढणी टाकते ती. खमीरही त्याच मुळाचा, म्हणजे जिलबीच्या पिठातला आंबवणारा पदार्थ. आणि खुमार म्हणजे दारू उतरतानाची डोकेदुखी. मराठीनं मात्र डोकेदुखी टाकून दिली आणि 'गाण्याची खुमारी' ठेवली.

कैफ त्याहून मजेशीर. अरबीत *कैफ* म्हणजे नुसतं 'कसा?' कसा आहेस, कशी अवस्था आहे. त्यातून अवस्था, मग सुखाची अवस्था, मग नशा. त्याचीच बहीण कैफियत, म्हणजे झालं कसं याचा जबाब. म्हणून एखाद्याला कैफात पकडलं की दुसऱ्या दिवशी त्याची कैफियत घेतात.

आणि अंमल! मूळ अरबी *अमल*, म्हणजे काम, कृती. राज्याचा अंमल बसतो, अफूचाही अंमल चढतो. राजस्थानात तर अफूलाच अमल म्हणतात. आपल्याकडे एकाच मुळातून अंमलदार निघाला आणि अंमली पदार्थही. पकडणारा आणि पकडलेला, दोघे एका आडनावाचे. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करून घेतला, दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. कचेरीतलं काही बदललं असेलही, पण नशेचं सगळं सामान फारसी-अरबीच राहिलं. कैफ, नशा, अंमल, खुमारी. तिथे कुणी पंडित फिरकला नाही.

---

शंकासूर

पंडित तिथे फिरकले असतील, पण शब्द शोधायला नाही 😉

माझा प्रश्न वेगळाच. 'बेशुद्ध' हा काय प्रकार आहे? बे फारसी, शुद्ध संस्कृत. बेभान तसाच. आणि शुद्ध म्हणजे तर स्वच्छ, निर्मळ. मी बेशुद्ध पडलो म्हणजे अस्वच्छ पडलो का? माझं शुद्धलेखन बेशुद्ध आहे असं सर म्हणायचे ते मग बरोबर होतं.

---

खडूफळा

सर बरोबर होते.

हिंदीतली 'सुध' पाहा, सुध-बुध मधली. तीच आपली शुद्ध, शुद्धीवर येणं. मनावर गाळ नसेल तरच तळ दिसतो, एवढा धागा धरला तर निर्मळ आणि सावध यांतलं अंतर फार नाही. आणि बेशुद्ध, बेभान हे संकर मला मुळीच खटकत नाहीत. भान तर *भा*, म्हणजे प्रकाशणे, यातून आलेला. बेभान म्हणजे दिवा गेलेला. 'विशुद्ध' करून बघा, अर्थ उलटा होतो. 'अशुद्ध' म्हणजे चुकीचं लिहिलेलं. तेव्हा फारसी बे शिवाय गत्यंतर नव्हतं.

मूर्च्छेबद्दल राहिलंच. *मुर्छा मोहसमुच्छ्राययोः* असा धातुपाठ. एक अर्थ मोह, दुसरा वाढणं, दाट होणं, आकार धरणं. त्यातूनच मूर्त आणि मूर्ती. संगीतातली मूर्च्छना ही या दुसऱ्या अर्थाची. काढा, तुमच्याकडे तिळाचं तेल मूर्च्छित करतात ना?

---

काढा

हो, मंजिष्ठा, हळद वगैरे घालून आधी तेल सिद्ध करतात, त्याला मूर्च्छनाच म्हणतात. पाराही मूर्च्छित करतात. चंचल पारा एका जागी थिजला की मूर्च्छित. माणसाचंही तेच की, हलणारं माणूस मूर्तीसारखं पडतं.

---

मधमाशी

म्हणजे मूर्ती आणि मूर्च्छा सख्ख्या? आज झोप येणार नाही.

---

शंकासूर

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

---

गवती_चहा

शंकासूर, वाचला होता मी काढायच्या आत 😀

खडूफळा सर, नाट्यशास्त्रातही ग्लानी आहे ना? भरतनाट्यम शिकताना व्यभिचारी भाव, म्हणजे येऊन-जाऊन असणारे भाव, पाठ केले होते, निर्वेद, ग्लानी, शंका, असूया…

---

खडूफळा

आहे, 33 पैकी दुसरी. भरतानं कारणं दिली आहेत: वांती, जुलाब, आजार, उपास, मनस्ताप. अभिनय कसा करायचा, तर क्षीण आवाज, मंद नजर, हळू उचललेली पावलं. याच यादीत पुढे मद, आलस्य, मोह, जडता, निद्रा, सुप्त आणि विबोध असे सगळे स्वतंत्र आहेत. विबोध म्हणजे जागं होणं! तोही एक भाव. म्हणजे नटीनं ग्लानी दाखवताना झोप दाखवली तर ती चुकली.

मनस्तापही कारणांत आहे हे लक्षात घ्या. बडा तालाब यांच्या डॉक्टरांची बाजू भरतमुनींनी आधीच घेऊन ठेवली आहे.

---

आंबोळी

मला एक गोष्ट लक्षात आली, बरोबर की चूक सांगा. तंद्रा सुश्रुताकडे आजार. मराठीत 'तंद्री लागली' म्हणजे छान काहीतरी. गुंग म्हणजे मुका, आपल्याकडे गाण्यात गुंग. खुमार म्हणजे डोकेदुखी, आपल्याकडे गप्पांची खुमारी. आपण सगळ्या दुखण्यांचं कौतुक करून ठेवलंय.

---

काढा

बरोबर. सुश्रुताची तंद्रा म्हणजे इंद्रियांना विषय न कळणं, जडपणा, जांभया, थकवा, झोप आलेल्यासारखं वागणं. बसमध्ये खिडकीशी बसून तंद्री लागलेल्या कॉलेजच्या मुलीला हे निदान सांगून बघा. ग्लानी एकटीच आपण आजारीच ठेवली. 'गाण्यात ग्लानी आली' कुणी म्हणत नाही.

---

संत्रागोळी

काही गाण्यांत येते.

---

बडा_तालाब

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं मिळेल वाटलं नव्हतं. ग्लौ चंद्राचं बाबांना वाचून दाखवलं, त्यांनी दोनदा वाचायला लावलं.

काल फेरतपासणी होती, त्याच डॉक्टरांकडे. डॉ. कडूनिंब यांचा सल्ला मी पाठ करून गेलो होतो. शब्द नाही, वर्णन सांगायचं. हाक मारल्यावर काय करतात, कप कसा धरतात, सगळी तयारी. सोडियम आता ठीक आहे. डॉक्टरांनी बाबांनाच विचारलं, "अंकलजी, अब तो नींद-वींद ज़्यादा नहीं आती?"

मी तोंड उघडायच्या आत बाबा खणखणीत आवाजात म्हणाले, "नहीं नहीं, एकदम ठीक. बस परसों दोपहर में खाने के बाद थोड़ी झापड़ आई थी."

डॉक्टरांनी पेन थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं. "किसने मारी?"